अर्धवट ठेवलेले कलम

चेन्नईच्या फोर्ट स्टेशनावर उतरून सेंट जॉर्ज किल्ल्याकडे चालू लागले, की प्रथम भेटतात ते सचिवालयात खेटे घालणारे अर्जदार आणि त्यांच्या काखेतली कागदांची भेंडोळी. ह्या गर्दीतून वाट काढीत, पिशवीची झडती देऊन, पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयापर्यंत जो जातो, त्याच्यासमोर तळमजल्यावरच पांढऱ्या संगमरवराचा, सुमारे चौदा फूट उंचीचा एक पुतळा येतो. पुतळा लॉर्ड कॉर्नवॉलिसचा, आणि घडविणारा विलायतेतला नामांकित शिल्पकार टॉमस बँक्स. येणारे-जाणारे मान उंचावून लॉर्डसाहेबांचा चेहरा पाहतात आणि जिन्याकडे वळतात. परंतु पाहण्याजोगे जे आहे ते खाली, चौथऱ्यावर आहे. तेथे उठावाच्या कोरीवकामात दोन लहान मुले ह्या लॉर्डाच्या स्वाधीन होताना दाखविली आहेत. मुले टिपू सुलतानाची. प्रसंग १७९२ सालचा, श्रीरंगपट्टणचा. त्या प्रसंगी छावणीत पुण्याच्या फौजेचे सरदार हरिपंत फडके हजर होते आणि त्यांच्यावाचून हा प्रसंग घडलाही नसता. पण ह्या दगडात फडके कोणते हे ओळखण्याची सोय नाही.

ह्या शहरात मराठी माणसाला आपला इतिहास आठवायचा झाला, तर तो बहुधा तंजावरच्या भोसल्यांपाशी जाऊन थांबतो, किंवा तंबू चेट्टी रस्त्यावरच्या काळिकांबा मंदिरात, जेथे १६७७ साली शिवाजी महाराजांनी दर्शन घेतल्याची आख्यायिका आहे, तेथे हात जोडून परत येतो. हा चौथरा त्याच्या यात्रेत नसतो. माझ्याही नव्हता. युरोपच्या उत्तर टोकाकडल्या बातम्या वाचता वाचता मला त्याची आठवण झाली.

त्या बातम्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. १८१४ नंतर एकाही युद्धात न उतरलेले आणि तटस्थतेला जवळजवळ कुलधर्म मानणारे स्वीडन, आणि रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सरहद्द असलेले, १९३९-४० च्या हिवाळ्यात त्या शेजाऱ्याशी एकाकी झुंजून मुलूख गमावलेले व पुढे १९४८ चा करार करून त्याच्याच मर्जीने शांत राहिलेले फिनलंड, ह्या दोघांनी युक्रेनवरची रशियाची स्वारी पाहून १८ मे २०२२ रोजी नाटो नावाच्या लष्करी गोटात प्रवेशासाठी एकत्रच अर्ज दिले. फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी आत गेले, आणि स्वीडनला तुर्कस्तान व हंगेरी ह्यांच्या उंबरठ्यावर ताटकळत बसून ७ मार्च २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्यांचे शेजारी डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलंड तर १९४९ पासूनच, म्हणजे गोट स्थापन झाला त्या दिवसापासूनच त्यात होते. ह्या गोटाच्या तहनाम्याचे पाचवे कलम असे, की एकावर झालेला हल्ला तो सर्वांवरचा हल्ला समजावा. त्या राष्ट्रांची गोष्ट त्यांच्या इतिहासकारांनी लिहावी. तीत मला रस वाटला तो ह्या कलमामुळे, कारण असेच एक कलम पुणे दरबाराने एकदा मान्य केले होते, आणि मान्य करताना जाणूनबुजून अर्धवट ठेवले होते.

१७९० सालची ती हकीकत समजण्यासाठी त्याआधी दहा वर्षे मागे जाऊन किल्ल्याच्या तटावर उभे राहिले पाहिजे. १७८० च्या जुलैत म्हैसूरचा हैदरअली ऐंशी-नव्वद हजारांची फौज घेऊन घाट उतरला. कर्नाटकातील गावे जळू लागली आणि सेंट टॉमसच्या टेकडीवरून मद्रासकरांना धुराचे लोट दिसू लागले. सप्टेंबरच्या १० तारखेस पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची पलटण हैदर-टिपूंनी पार बुडविली. हा हैदर एकटा आला नव्हता. वडगावच्या तहानंतरही इंग्रज राघोबादादांचा पक्ष सोडीत नाहीत हे पाहून नाना फडणवीसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले ह्यांना इंग्रजांविरुद्ध एका सूत्रात ओवण्याची मसलत उभारली होती, आणि मद्रासवरची ही मोहीम तिचाच भाग होती. निजाम फारसा हलला नाही, नागपूरकर पैसा घेऊन स्वस्थ बसले, आणि १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह होऊन पुणे त्या युद्धातून बाहेर पडले. पण तूर्त लक्षात ठेवायचे ते इतकेच, की ज्या म्हैसूरकराविरुद्ध पुढे पुण्याने इंग्रजांचा हात धरला, त्याच म्हैसूरकराचा हात धरून दहा वर्षांपूर्वी त्याने इंग्रजांना ह्या किल्ल्यात कोंडले होते. मुत्सद्देगिरीत ह्याला कोणी विसंगती म्हणत नाही.

ह्या म्हैसूरकर शेजाऱ्याशी पुण्याची तेढ पडली ती कृष्णा आणि तुंगभद्रा ह्यांमधल्या मुलखावरून. थोरल्या माधवरावांनी जिंकलेला हा टापू पेशवाईतील घरभेदाचा फायदा घेऊन हैदराने गिळला होता, आणि तेथले लहानसहान देसाई-पाळेगार दोन्हीकडे खंडणी देत, दोन्हीकडे वकील ठेवीत, जीव मुठीत धरून राहत. अशांपैकी नरगुंद हे एक संस्थान. व्यंकटराव भावे तेथले मालक आणि काळोपंत पेठे त्यांचे कारभारी; टिपूने खंडणीचा आकडा वाढविला, काळोपंतांनी पुण्याकडे धाव घेतली, पुण्याने टिपूस समजावणीची पत्रे धाडली, आणि पत्रांचा काही उपयोग न होता १७८५ साली किल्ला पडून मालक आणि कारभारी दोघेही कैदेत गेले. मोठ्या सत्तांच्या सीमेवर राहणाऱ्या लहानग्याचे काय होते, ह्याचा हा नमुना पुण्यात पुष्कळ दिवस बोलला जात असला पाहिजे, कारण पुढल्याच वर्षी नाना स्वतः फौजेबरोबर बदामीपर्यंत गेले. त्या युद्धात त्यांनी इंग्रजांची मदत मागून पाहिली होती. गव्हर्नर जनरल मॅकफर्सन ह्याने तीन पलटणी देऊही केल्या होत्या. पण त्याच्या जागी आलेल्या कॉर्नवॉलिसने, पार्लमेंटच्या १७८४ च्या कायद्याने चढाईच्या तहांना मनाई आहे असे सांगून, ते बोलणे मोडले. १७८७ च्या वसंतात गजेंद्रगडला तह झाला, टिपूने थकलेल्या खंडणीपोटी अठ्ठेचाळीस लाख कबूल केले, आणि बदामी, नरगुंद व कित्तूर परत मिळाले. कायदा तेव्हा आडवा आला. तीन वर्षांनी तोच कायदा, तोच लॉर्ड आणि तोच टिपू असूनही आडवा आला नाही.

कारण मधल्या काळात आग इंग्रजांच्या घराला लागली होती. त्रावणकोरचा राजा रामवर्मा हा १७८४ च्या मंगळूरच्या तहान्वये कंपनीचा दोस्त गणला जाई, आणि उत्तरेकडून येणाऱ्या म्हैसूरकराला अडविण्यासाठी त्याच्या राज्याने डोंगरापासून खाडीपर्यंत माती-दगडांचा एक लांबच लांब तट उभारला होता, ज्याला तिकडे नेडुंकोट्टा म्हणतात. १७८९ च्या डिसेंबराअखेरीस टिपूने त्यावर हल्ला चढविला. हल्ला फसला, सैन्याची दाणादाण उडाली, खुद्द सुलतान खंदकात पडून जखमी झाला आणि त्याची पालखी शत्रूच्या हाती लागली. मद्रासचा गव्हर्नर जॉन हॉलंड मात्र ह्या दोस्ताच्या हाकेला ओ देण्यास राजी नव्हता. दोस्ती कागदावर असणे वेगळे आणि कागद पेटीतून बाहेर काढणे वेगळे, हे त्रावणकोरच्या राजास तेव्हा उमगले असेल. कॉर्नवॉलिसने कलकत्त्याहून कडक शब्दांत हॉलंडची निर्भर्त्सना केली, आणि फेब्रुवारी १७९० मध्ये जनरल मेडोज मद्रासला येऊन गव्हर्नर झाला. दरम्यान पुण्यात, मुळा-मुठेच्या संगमावर वकिलात थाटून बसलेला चार्ल्स मॅलेट नानांकडे फेऱ्या घालू लागला होता.

१ जून १७९० रोजी पुण्याचा तह झाला आणि जुलैत निजामानेही पानगल येथे त्याच अर्थाच्या कागदावर शिक्का केला. पुण्याने आणि निजामाने पंचवीस-पंचवीस हजारांहून कमी नसलेली फौज मैदानात आणावी. इंग्रजांनी मागणी केल्यास प्रत्येकी दहा हजार स्वार त्यांच्या दिमतीस द्यावे, पण त्यांचा खर्च कंपनीने सोसावा. कंपनीच्या पलटणी मराठी फौजेबरोबर असाव्या. जिंकलेला मुलूख समभागाने वाटून घ्यावा. आणि कोणी एकट्याने परस्पर तह करू नये. ह्या कलमांत विशेष असे काही नाही, सगळे तहनामे असेच असतात. लक्ष द्यावे ते तेराव्या कलमाकडे. समेट झाल्यावर टिपूने पुन्हा तिघांपैकी कोणावर हल्ला केला, तर उरलेल्या दोघांनी मिळून त्याचे पारिपत्य करावे असे त्यात म्हटले होते. मात्र ते कोणत्या रीतीने आणि कोणत्या शर्तींवर, हे तिघांनी मागाहून ठरवावयाचे होते. मागाहून! नाना फडणवीसांसारख्या, कागदाचे कानाकोपरे झाडून पाहणाऱ्या कारभाऱ्याच्या देखत हा शब्द चुकून राहिला असेल, हे मला तरी पटत नाही. तह झाल्यावरही टिपूचे वकील काही काळ पुण्यातच होते आणि त्यांना निरोप देण्याची कोणास घाई दिसत नव्हती. मॅलेटला ते सलत होते.

परशुरामभाऊ पटवर्धन सप्टेंबरात धारवाडपुढे जाऊन बसले. किल्ल्यात टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान, आणि बाहेर भाऊंची फौज व तिच्या मदतीस मुंबईहून आलेल्या कॅप्टन लिटलच्या दोन पलटणी. ह्या वेढ्याचे वर्णन लिटलच्या हाताखालच्या एडवर्ड मूर नावाच्या तरुण लेफ्टनंटाने लिहून ठेवले आहे. तोफ ठासली, की मोर्चातील सारी मंडळी खाली बसत. अर्धा तास धूम्रपान आणि गप्पा होत. मग कोणी उठून बत्ती देई. धूळ भरपूर उडाली की गोळा सत्कारणी लागला असे मानून पुन्हा तोफ ठासली जाई आणि राहिलेला संवाद पुढे चाले. दुपारी एकपासून तीनपर्यंत दोन्ही बाजू तोफा बंद ठेवीत, कारण ती जेवणाची वेळ. मूरला ह्याचे हसू आले. ते वाचताना आपल्यालाही येते, पण जरा ओशाळवाणे. किल्ला हाती यायला १७९१ चा एप्रिल उजाडला. त्याच सुमारास ह्या फौजेबरोबरच्या लुटारू टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, स्वामींना कारकळला जाऊन राहावे लागले, आणि मठाची घडी पुन्हा बसविण्यासाठी पैसा व साहित्य पाठविले ते टिपूने. त्याने स्वामींना लिहिलेली कानडी पत्रे १९१६ साली मठाच्या दप्तरातून बाहेर आली. ब्राह्मण सेनापतीच्या फौजेने शंकराचार्यांचा मठ लुटावा आणि मुसलमान सुलतानाने तो सावरावा, हा प्रसंग आपल्या बखरींना अडचणीचा आहे आणि कोणत्याही एकरंगी इतिहासालाही अडचणीचाच आहे.

इकडे कॉर्नवॉलिस १७९० च्या डिसेंबरात स्वतः मद्रासला उतरला. अमेरिकेत यॉर्कटाउनला शस्त्रे खाली ठेवल्याचा डाग त्याला धुऊन काढायचा होता. मार्चमध्ये त्याने बंगळूर घेतले, १५ मे रोजी श्रीरंगपट्टणाजवळ टिपूला मागे रेटले, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या फौजेचे पोट रिकामे झाले. पाऊस लागला, दाणा-वैरण संपली, बैल हजारांनी मेले, गोऱ्या-काळ्या शिपायांनी तोफा हाताने ओढल्या, आणि शेवटी किल्ला फोडण्यासाठी मद्रासहून एवढ्या खटपटीने आणलेल्या थोरल्या तोफा निकामी करून त्याने परतीची वाट धरली. मराठी फौज कोठे आहे ह्याचा त्याला पत्ता नव्हता, कारण टिपूचे हरकारे दोहोंकडचे जासूद वाटेतच उचलीत. मे महिन्याच्या अखेरीस एके दिवशी चिखलातून सरकणाऱ्या ह्या फौजेच्या बगलेवर घोडेस्वारांची तुकडी दिसली. शत्रू समजून इंग्रजांनी गोळीबाराची तयारी केली, तेव्हा ओरडून सांगण्यात आले, की आम्ही पुण्याचे.

हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ ह्यांच्या दोन फौजा येऊन पोहोचल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचा बाजार होता. त्या बाजाराचे नवल इंग्रज अंमलदारांनी पुढे कितीतरी वर्षे सांगितले. तांदूळ, डाळ, मेंढ्या, कोंबड्या तर होत्याच, पण काश्मिरी शाली होत्या, जडजवाहीर होते, विलायती बनात होती, बर्मिंगहॅमचे चाकू होते, आणि सराफ आपापली गादी घालून नाणी पारखीत बसले होते. जणू पुण्यातली एखादी पेठच उचलून म्हैसूरच्या रानात आणून ठेवावी. उपासमारीने टेकीस आलेली पलटण ह्या बाजारात शिरली. भाव अर्थातच चढे होते. दोस्ती सरदारांची होती, वाण्यांची नव्हती. हरिपंतांनी लगोलग कंपनीकडे कर्ज मागितले, आणि कॉर्नवॉलिसला ते नाकारवेना. चीनच्या व्यापारासाठी मद्रास बंदरात आलेल्या जहाजांवरची चांदी उतरवून घेऊन, तिचे रुपये पाडून, त्याने ती भूक भागविली. ज्या चांदीने कॅन्टनचा चहा यायचा, ती कृष्णेकाठच्या शिलेदारांच्या कमरेला गेली. इंग्रज ग्रंथकार ह्या कर्जाचा उल्लेख नाक मुरडून करतात आणि बाजाराचा कृतज्ञतेने. वास्तविक दोन्ही गोष्टी एकाच व्यवहाराच्या बाजू होत्या.

पुढचे वर्ष लवकर सांगण्यासारखे आहे. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री कॉर्नवॉलिसने, दोस्तांना आधी न कळविता, तोफांवाचून केवळ पायदळाच्या बळावर श्रीरंगपट्टणच्या बाहेरच्या फळीवर झडप घातली. हरिपंतांना कळले तेव्हा एवढा मोठा लॉर्ड स्वतः पायदळाबरोबर अंधारात गेला ह्याचेच त्यांना आश्चर्य वाटले. बेट हाती आले, किल्ला उरला. हा किल्लाही घेऊन टाकावा असे म्हणणारे इंग्रज अंमलदार कमी नव्हते. पुणे दरबारचे धोरण मात्र पहिल्यापासून टिपूला नमविण्याचे होते, बुडविण्याचे नव्हते. दक्षिणेच्या तराजूतून हे पारडे काढून घेतले तर दुसऱ्या पारड्यात काय उरते ते नाना जाणून होते, आणि हरिपंतांनी आपला भार समेटाच्या बाजूला टाकला. अर्धा मुलूख, तीन कोटी तीस लाख रुपये, आणि शर्ती पुऱ्या होईपर्यंत दोन मुलगे ओलीस, असे ठरले. वाटणीत तिघांच्याही पदरी दरसाल साडेएकोणचाळीस लाखांच्या वसुलाचा मुलूख पडला आणि मराठ्यांची हद्द पुन्हा तुंगभद्रेला भिडली.

२६ फेब्रुवारीला मुले आली. थोरला अब्दुल खालिक दहाच्या आसपास, धाकटा मुईजुद्दीन आठच्या. हत्तीवरून उतरवून त्यांना कॉर्नवॉलिसच्या तंबूत नेले. त्यांच्याबरोबरचा वकील गुलामअली ह्याने, सकाळपर्यंत ही माझ्या धन्याची मुले होती, आता त्यांनी तुम्हांसच वडील मानले पाहिजे, अशा आशयाचे भाषण केले. आणि लॉर्डाने दोघांना एकेक सोन्याचे घड्याळ दिले. हे चित्र इंग्लंडात अतोनात लोकप्रिय झाले, चित्रकारांनी ते पुन्हा पुन्हा रंगविले, आणि बँक्सने ते ह्या चौथऱ्यावर कोरले. मुलांना मद्रासला आणून कॅप्टन डव्हटनच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. पुढे जनरल झालेल्या ह्या डव्हटनचे नाव शहरात एका हवेलीला राहिले आहे. तेथे आज विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आहे. टिपूने पैसा चुकता केल्यावर १७९४ च्या मार्चमध्ये ह्याच डव्हटनने मुलांना देवनहळ्ळीला नेऊन बापाच्या हवाली केले. दोन वर्षे समुद्राच्या आवाजात काढलेल्या त्या मुलांपाशी ती घड्याळे होती की नव्हती, आणि असली तर कोणी त्यांना किल्ली देत असे की नाही, असे प्रश्न मला त्या चौथऱ्यापुढे उभे राहून पडतात. इतिहासाच्या दृष्टीने ते निरर्थक आहेत.

मुले मद्रासला असतानाच, १७९३ साली, कॉर्नवॉलिसने ते तेरावे कलम पुरे करण्याचा घाट घातला. टिपूने पुन्हा डोके वर काढल्यास कोणी किती फौज घेऊन धावावे, आधी समजावणी कोणी करावी, ह्याचा पक्का जामीनतहनामा त्याने तयार करविला. निजामाने तो डोळे झाकून मान्य केला. पुण्याहून उत्तर यायला वेळ लागला आणि आले ते निराळाच मसुदा घेऊन, ज्यात टिपूकडच्या चौथाईचा जुना हक्क कंपनीने आधी मान्य करावा अशी पाचर मारलेली होती. ही पाचर इंग्रजांना काढता येणार नाही हे मारणाऱ्यास ठाऊक होते. बोलणे बारगळले. नव्या मित्राच्या शब्दाला आयुष्यभर बांधून घेणे नानांना नको होते, आणि त्याचा लाभ दोनच वर्षांत दिसला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनी निजामाला गुडघे टेकायला लावले, तेव्हा निजाम कंपनीच्या दाराशी जाऊन दोस्तीची आठवण देत होता, आणि नवा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तहनाम्याचा कीस काढून सांगत होता, की हे युद्ध त्या कलमात बसत नाही. अर्धवट कलमाने पुण्याला इतके दिले.

त्याहून अधिक देणे त्याच्या शक्तीत नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले आणि पुण्याचा कारभार भाऊबंदकीच्या चिखलात रुतला. १७९८ मध्ये निजामाने कंपनीची तैनाती फौज घरात घेतली. १७९९ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली टिपूवर निघाला, तेव्हा परशुरामभाऊंची फौज निघणार, निघणार म्हणता निघालीच नाही, आणि ४ मेला श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला. युद्धात भाग न घेताही पेशव्यांना थोडा मुलूख देऊ केला गेला; सोबतच्या अटी पाहून दुसऱ्या बाजीरावाने तो घेतला नाही, आणि कंपनीने व निजामाने तोही वाटून घेतला. निजामाला १७९२ चा वाटा होता, १७९९ चा मिळाला, आणि १८०० च्या ऑक्टोबरात, घरातल्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी, त्याने हे दोन्ही वाटे कंपनीला लिहून दिले. बल्लारी, कडप्पा, अनंतपूर हा सारा टापू मद्रासच्या दप्तरात चढला आणि त्याची जमाबंदी करायला टॉमस मन्रोची नेमणूक झाली.

नाना फडणवीस त्या वर्षीच्या १३ मार्चलाच गेले होते. बँक्सने घडविलेला पुतळाही त्याच १८०० साली जहाजातून येऊन किल्ल्याच्या परेड मैदानावर उभा राहिला.